एथिक्स कमिटीच्या सदस्यांना खुलं पत्र: गाळलेल्या पेशंटची यादीही मागा

पुण्यातल्या रुग्णालयांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत हृदयविकार आणि अतिदक्षता विभागातल्या, पेशंटवर नवे उपचार तपासणाऱ्या चाचण्यांचं काम बरीच वर्षं करते आहे. तुमच्यापुढे मंजुरीसाठी येणाऱ्या जाडजूड फायली लावणारी, राहिलेल्या सहीसाठी डॉक्टरांच्या मागे ओपीडीत धावणारी जी माणसं असतात, त्यांतली एक. तुमची बैठक चालू असताना आम्ही बाहेर बाकड्यावर असतो, पीआयनी, म्हणजे चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांनी, बोलावलं तर आत येतो. आत कशावर किती वेळ खर्च होतो हे बाहेर बसूनही कळतं. विम्याची तारीख, नुकसानभरपाईचं कलम, संमतीपत्राच्या मराठी भाषांतरातल्या चुका यांवर भरपूर खल होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण कोणाला चाचणीत घ्यायचं आणि कोणाला गाळायचं हे ज्या पानावर असतं, ते पान ‘स्पॉन्सरकडून (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीकडून) आलंय, स्टँडर्डच आहे’ म्हणत उलटलं जातं. हे पत्र त्या पानाबद्दल आहे.

उदाहरणाला एकच उपचार घेते. हृदय अचानक बंद पडलं, छाती दाबून (सीपीआर) आणि शॉक देऊन पुन्हा सुरू झालं, पण माणूस शुद्धीवर आला नाही, अशा पेशंटचं शरीर मुद्दाम थंड करण्याचा. तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि रक्तपुरवठा परत आल्यानंतरही काही तास मेंदूच्या पेशींची जी पडझड चालू राहते तिलाही आळा बसतो, असा त्यामागचा विचार. काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, शिरेतून गार सलाईन, थंड पाणी फिरणाऱ्या गाद्या. पेशंट कुडकुडायला लागला की शरीर उलट तापतं, म्हणून गुंगीची आणि स्नायू सैल करणारी औषधं. आयसीयूतल्या कोणत्याही सिस्टरला विचारा, असा एक पेशंट आला की पाळी संपेपर्यंत त्याच्या खाटेपासून हलता येत नाही.

हाच विषय घेतला, कारण याबद्दलचं वैद्यकीय मत वीस वर्षांत जवळजवळ उलटं फिरलं, आणि दर वळणावर ‘चाचणीत नेमके कोण पेशंट होते’ हा प्रश्न आडवा आला.

2002 च्या फेब्रुवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन चाचण्या छापून आल्या. त्यांतली मोठी युरोपातली, पाच देशांतल्या नऊ केंद्रांची. 32 ते 34 अंशांवर चोवीस तास ठेवलेल्या पेशंटपैकी 55 टक्क्यांचा मेंदू सहा महिन्यांनी बऱ्यापैकी शाबूत होता, न थंड केलेल्यांत 39 टक्क्यांचा. मृत्यू 41 टक्के विरुद्ध 55 टक्के. अशा पेशंटसाठी तोवर फारसं काही हाती नव्हतं, तेव्हा एवढा फरक म्हणजे मोठीच बातमी होती.

आता त्याच लेखातले दुसरे आकडे बघा, जे परिषदांच्या स्लाइडवर क्वचित दिसतात. तपासून पाहिलेले पेशंट 3551. निकषांत न बसल्यामुळे गाळलेले 3246. व्यवस्थेच्या अडचणींमुळे राहिलेले 30. घेतलेले 275. म्हणजे शंभरातले आठसुद्धा नाहीत.

ही चाळणी कशी होती? पडताना कोणीतरी पाहिलेलं हवं. हृदयाची पहिली लय व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनची, म्हणजे शॉक देता येईल अशी हवी. वय 18 ते 75. पडल्यापासून प्रशिक्षित पथकाने प्रयत्न सुरू करेपर्यंत 5 ते 15 मिनिटं, आणि हृदय सुरू होईपर्यंत जास्तीत जास्त 60. त्यानंतर रक्तदाब फार वेळ खाली राहिलेला नको. आधीपासून मरणासन्न आजार नको. आणि यादीत शेवटाकडे, सहज नजरेतून सुटेल असा एक निकष: पुढच्या तपासणीला पेशंट येण्याची शक्यता कमी वाटावी असं काही नको. याच्याकडे मी परत येते.

हे निकष पुण्यात आणून बघा. समजा, सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात दुपारी दोन वाजता एक गृहस्थ कोसळतात. घरात फक्त बायको. ती शेजारच्यांना हाक मारते, दोघं-तिघं मिळून त्यांना अरुंद जिन्यावरून खाली आणतात, आणि 108 ची वाट बघण्यापेक्षा रिक्षा बरी म्हणून रिक्षात घालतात. रिक्षा आधी जवळच्या नर्सिंग होमला. तिथे ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ईसीजीची पट्टी निघते तेव्हा लय काय दिसणार? बहुतेक वेळा सरळ रेघ. कोसळताना ती काय होती हे कोणालाच कळलेलं नाही, कारण यंत्र घेऊन कोणी पोचलंच नव्हतं.

आणि वेळ. मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी राहून नातेवाइकांना ‘किती वाजता पडले?’ असं विचारलेलं आहे. ‘कुकर लावला होता हो, तिसरी शिट्टी झाली आणि आतून धप्पकन आवाज आला,’ असं उत्तर मिळतं. ‘सुनेला फोन लावला तेव्हाच,’ असं मिळतं. मग सुनेचा मोबाईल घेऊन कॉलची वेळ बघायची आणि ती फॉर्ममध्ये उतरवायची. चाचणीच्या नोंदी तपासणारा मॉनिटर येतो तेव्हा त्या चौकोनात 14:07 लिहिलेलं असतं आणि ते अगदी पक्कं दिसतं. पाच मिनिटं की पंधरा यावर जो निकष उभा आहे, तो कुकरच्या शिट्टीवर उभा आहे हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. फॉर्ममध्ये ‘वेळ कोणाकडून कळली’ असा रकाना मला फार थोड्या चाचण्यांत दिसला. यात कोणाची लबाडी नाही, पण तुम्ही तो रकाना मागू शकता.

दुसरी चाचणी मेलबर्नची, 77 पेशंटची. 33 अंशांवर बारा तास. थंड केलेल्या 43 पैकी 21 जण घरी किंवा पुनर्वसन केंद्रात जाण्याइतपत बरे झाले, दुसऱ्या गटात 34 पैकी 9. इथे पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना गर्भारपणाच्या शक्यतेमुळे आधीच बाहेर ठेवलं होतं. पेशंटची दोन गटांत वाटणी करण्याची पद्धत तर बघण्यासारखी: महिन्याची विषम तारीख असेल तर थंड करायचं, सम असेल तर नाही. (31 नंतर 1 येते, म्हणजे विषम तारखा तशाही थोड्या जास्तच.) ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला पेशंट उचलतानाच आजचा गट कोणता हे माहीत. त्यांनी काही वावगं केलं असं मी म्हणत नाही, पण काठावरचा पेशंट आत घ्यायचा की नाही हे ठरवताना पुढे काय होणार हे माहीत असलं, की निवड स्वच्छ राहिली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वाटणी पाकिटबंद, म्हणजे आधी कोणाला न कळणारी, का हवी हे नव्या सदस्यांना समजावताना मी नेहमी हेच उदाहरण देते.

निवड अरुंद होती म्हणून त्या चाचण्या वाईट होत्या असंही नाही. नवा उपचार पहिल्यांदा तपासताना जिथे फरक दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, असेच पेशंट घेतात. मेंदू आधीच पार गेलेला असेल तर काहीही केलं तरी उपयोग नाही, आणि दोन मिनिटांत उठून बसणाऱ्याला उपचारच नको. मधल्यांवर लक्ष द्यायचं ही रीत ठीकच आहे. घोळ पुढे झाला. 2003 मध्ये पुनरुज्जीवनाच्या आंतरराष्ट्रीय समितीने, इल्कोरने, अशा पेशंटना थंड करावं अशी शिफारस केली, आणि इतर लयींच्या किंवा रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या पेशंटनाही कदाचित उपयोग होईल असं पुढे जोडलं. ‘कदाचित’ हा शब्द प्रवासात गळतो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं.

पुढे 2013 मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या 36 आयसीयूंची चाचणी आली: 33 अंश विरुद्ध 36 अंश, 939 पेशंट, फरक नाही. 2021 मध्ये त्याहून मोठी: 1900 पेशंट, 33 अंश विरुद्ध नुसता ताप चढू न देणं. सहा महिन्यांत मृत्यू 50 टक्के आणि 48 टक्के. उलट थंड केलेल्यांत रक्ताभिसरण बिघडवणारे ठोक्यांचे घोटाळे जास्त, 24 टक्के विरुद्ध 17. इथे निवड बरीच मोकळी होती, कोणतीही लय चालत होती. फक्त कोणी पडताना पाहिलं नाही आणि पहिल्या पट्टीत सरळ रेघ, असे पेशंट वगळले होते. ‘चला, निकाल लागला, थंड करणं बंद’ असं म्हणणारे डॉक्टर मला त्यानंतर भेटले.

पण या 2021 च्या निकालातले पेशंट तरी कोण होते? जवळपास 80 टक्क्यांना पडल्याजागीच कोणीतरी छाती दाबून सीपीआर दिलेला होता. चारातल्या तिघांच्या आसपास पेशंटची लय शॉक देण्याजोगी होती. लक्ष्मी रोडवर भर गर्दीत माणूस कोसळला तर त्याच्या भोवती शंभर जण जमतील, पाणी आणतील, कांदा हुंगवतील, फोन लावतील. छातीवर हात ठेवून दाबायला किती जण बसतील? ज्याच्या मेंदूला पहिल्या मिनिटापासून थोडंथोडं रक्त मिळत राहिलं आणि ज्याला वीस मिनिटं काहीच मिळालं नाही, या दोघांची इजा वेगळी. पहिल्यात फायदा दिसला नाही यावरून दुसऱ्यात दिसणार नाही असं ठरत नाही. दिसेल असंही ठरत नाही. 2002 चा ‘फायदा होतो’ आणि 2021 चा ‘होत नाही’, दोन्ही निकाल आपल्या कॅज्युअल्टीत येणाऱ्या बहुसंख्य पेशंटना न विचारता लागलेले आहेत.

मध्ये 2019 मध्ये फ्रान्समधल्या 25 आयसीयूंनी मुद्दाम दुसरा गट घेतला होता: शॉक देता न येणाऱ्या लयीचे पेशंट. त्यात गुदमरून हृदय बंद पडलेले पुष्कळ, रुग्णालयातच बंद पडलेलेही. 33 अंशांवर ठेवलेल्या 284 पैकी 29 जण बऱ्या अवस्थेत राहिले, 37 वर ठेवलेल्या 297 पैकी 17. आकडे लहान आहेत, एखाद-दुसरा पेशंट इकडचा तिकडे झाला की निष्कर्ष डळमळतो. आपल्याकडच्या पेशंटच्या जवळ जाणारी अशी हीच एक चाचणी, असं म्हणावंसं वाटतं. पण तिथेही दहा मिनिटांहून जास्त वेळ काहीच प्रयत्न न झालेले पेशंट वगळलेले होते. आमचे सदाशिव पेठेतले गृहस्थ परत बाहेरच.

आज इल्कोर एवढंच म्हणते की बेशुद्ध पेशंटचं तापमान 37.5 च्या वर जाऊ देऊ नका, आणि 32 ते 34 अंशांचा फायदा एखाद्या विशिष्ट गटाला होतो का हे अनिश्चित आहे. तो विशिष्ट गट कोणता, याचं उत्तर देणाऱ्या चाचणीचा प्रस्ताव उद्या पुण्यातही येऊ शकतो. हृदय बंद पडल्यानंतरच्या दुसऱ्या एखाद्या औषधाचा तर नक्कीच येईल. तेव्हा काय बघायचं, ते माझ्या बाकड्यावरून सांगते.

संमती हाही एक निकषच असतो, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, त्या मथळ्याखाली लिहिलेला नसला तरी. 2021 च्या चाचणीत हृदय सुरू झाल्यापासून 180 मिनिटांच्या आत पेशंट निवडायचा होता. कित्येक देशांत अशा वेळी आधी चाचणीत घेऊन नंतर संमती विचारायची सोय असते. आपल्याकडे बेशुद्ध पेशंटच्या वतीने कायद्याने मान्य प्रतिनिधीची सही लागते. तीन तासांत हा प्रतिनिधी कोण? मुलगा हिंजवडीहून निघालेला, चांदणी चौकात अडकलेला. दुसरा न्यू जर्सीत झोपलेला. बायको समोर आहे, पण ‘मुलगा आल्याशिवाय मी कशावर सही करणार नाही’ म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. बांधकामावरचा मजूर, सोसायटीचा वॉचमन, पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा, यांचं तर कोणीच नसतं. मुकादम किंवा रूममेट सोबत आलेला असतो आणि त्याची सही चालत नाही. मग आत कोण जातं? ज्याचा शिकलेला, निर्णय घेणारा नातेवाईक तासाभरात पोचला तो. असा माणूस घरी एकटा पडलेला असण्याची शक्यताही कमी, आणि त्याला लवकर आणलेलं असण्याची जास्त. म्हणजे सही मिळते ती बरं होण्याची शक्यता आधीच जास्त असलेल्यांचीच. मला सही न घेता चाचणी नको आहे. फक्त सही वेळेत न मिळाल्यामुळे किती जण राहिले, हा आकडा तुमच्या टेबलावर यायला हवा.

आता तो शेवटचा निकष, ‘पुढच्या तपासणीला येण्याची शक्यता कमी’. युरोपात याचा अर्थ कदाचित परदेशी पर्यटक असा होत असेल. पुण्यात याचा अर्थ बीड, धाराशिव, सोलापूरहून रात्रीतून आणलेला पेशंट असा होतो. ज्याचा फोन मुलाच्या नावावर आणि रिचार्ज संपलेला, असा होतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी स्क्रीनिंग लॉगमध्ये, म्हणजे तपासून पाहिलेल्या पेशंटच्या नोंदवहीत, ‘न घेण्याचं कारण’ या रकान्यात ओळीने ‘इतर’ लिहिलेलं होतं. वॉर्डातल्या मुलाला विचारलं तर तो सहज म्हणाला, ‘मॅडम, ते लोक डामा घेणार हे दिसतंच की.’ डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेणं. व्हेंटिलेटरचं दोन दिवसांचं बिल बघितलं की तिसऱ्या दिवशी सकाळी कुटुंब कागदावर अंगठा उठवतं आणि ॲम्ब्युलन्स गावाकडे निघते. हे चित्र खोटं नाही. पण कोण डामा घेईल याचा अंदाज जर पेशंटच्या नातेवाइकांच्या चपलांकडे बघून बांधला जात असेल, तर चाचणीत एक निकष वाढला आहे आणि तो तुम्ही मंजूर केलेला नाही.

आणि घेतलेल्यांतूनही हीच गळती होते. 2021 च्या चाचणीत मेंदूची अवस्था काय होणार याचा अंदाज चार दिवस उलटल्याशिवाय बांधायचा नाही, असा नियम होता, कारण थंड केलेला आणि गुंगीत ठेवलेला पेशंट उशिरा जागा होऊ शकतो. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पैसे संपले की तो नियम संपतो. असा पेशंट हिशेबात मृत धरला, की ‘संपर्क नाही’ म्हणून काढून टाकला, यावर निकाल फिरू शकतो. स्पॉन्सरचा प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या डोक्यात डामा नसतो. तुमच्या असायला हवा. आयसीयूचा चार दिवसांचा खर्च कोण देणार हे त्यामुळेच विम्याच्या कलमाइतकं महत्त्वाचं आहे, आणि ‘रुटीन केअर पेशंटकडून’ ही ओळ अशा चाचणीत सहजासहजी जाऊ देऊ नका.

पीआय म्हणतील, लॉग भरायला माणूस कुठे आहे. खरं आहे, रात्री अकरानंतर आमच्यापैकी कोणी नसतं, आणि रात्री आलेले पेशंट लॉगमध्ये येतच नाहीत. मग ते तसं लिहून द्यावं. ‘ही चाचणी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत हृदय बंद पडलेल्यांवर झाली’ हे वाक्य प्रामाणिक आहे, आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

चाचणी सुरू करण्याआधी तीन-चार महिने नुसती नोंद ठेवा, असंही तुम्ही सांगू शकता. हृदय बंद पडून आलेला प्रत्येक पेशंट: कशातून आला, आधी कुठे नेला होता, पहिली पट्टी कोणी आणि केव्हा काढली, वेळ कोणी सांगितली, छाती कोणी दाबली होती का. मग प्रोटोकॉलचे निकष त्या यादीवर ठेवून बघा किती उरतात. शंभरातले पाच उरले तरी चाचणी करायला हरकत नाही, पण ते पाच कोण हे आधी कळलेलं असेल. सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या जाहीर नोंदवहीत, नोंदणी करताना समावेशाचे आणि वगळण्याचे निकष जाहीर करावेच लागतात, ते कोणीही उघडून वाचू शकतं. वगळलेल्यांचा हिशेब मात्र तिथे दिसत नाही, तो मागणं तुमच्याच हातात आहे.

नवी औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनी तुमच्यात एक सामान्य नागरिक सदस्य बसवलेला आहे. त्यांना विनंती, ते पान तुम्ही वाचा. डॉक्टर मंडळींना त्यात नवीन काही दिसत नाही. प्रत्येक निकषावर फक्त एवढं विचारा, की यामुळे आपल्या गल्लीतलं कोण बाहेर राहील? उत्तर देता आलं नाही तर पीआयना पुढच्या बैठकीला परत बोलवा, आम्ही बाकड्यावर थांबू.

चालू चाचण्यांच्या वार्षिक आढाव्यात सध्या किती घेतले आणि किती गंभीर दुष्परिणाम झाले एवढंच येतं. त्यात एक तक्ता वाढवा: किती पाहिले, किती गाळले, कशामुळे, आणि ‘इतर’ म्हणजे काय. एका आडव्या पानात बसतो. त्याचा नमुना मी करून ठेवला आहे, कोणत्याही कमिटीला हवा असेल तर तुमच्या रुग्णालयातल्या कोऑर्डिनेटरकडे निरोप ठेवा. आम्ही सगळ्या एकमेकींना ओळखतो, दोन दिवसांत पोचेल.

आपली,
एक क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, पुणे